चेन उतरायची ती जागा

शालिक,

ताप चढला की तू म्हणे उजव्या हाताचं पहिलं बोट हवेत दाबून पाहायचास. एकदा, दोनदा, आणि मग नाही म्हणून मान हलवायचास. वहिनींना वाटलं, पाणी मागतोस. त्यांनी भांडं ओठांशी नेलं तर ते बाजूला सारून तू म्हणालास, "ढिली हाय." काविळीनं तुला आठ दिवसांत नेलं, आणि त्यातले शेवटचे दोन दिवस तुझं हेच चाललं होतं. घरात कुणाला अर्थ लागला नाही. वहिनींनी मला ते करून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ते बोट मी कुठेही ओळखलं असतं. तू चेन तपासत होतास.

मी वेळेवर पोचलो नाही. तार अमरावतीला शाळेच्या पत्त्यावर आली, शिपायानं ती तासभर टेबलावर ठेवली. मिळाली ती एस.टी. धरली तर मूर्तिजापूरच्या पुढे तिचं चाक बसलं. अकोल्याला तुझ्या अंगणात शिरलो तेव्हा त्रिशरण म्हणून लोक उठत होते. तुझी माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आला काय मास्तर? थो गेला." एवढंच. जसा तू जरा कारखान्यात गेला आहेस आणि मी चुकीच्या वेळी आलो आहे.

आज अकरावा दिवस. तुझ्याशी बोलायचं बरंच राहिलं, आणि तोंडानं बोलायची सोय उरली नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आपली पहिली भेट तुला आठवत असेलच. मी अमरावतीच्या टेक्निकल शाळेत ड्रॉइंग आणि विज्ञान शिकवणारा, पोरांना घेऊन अकोल्याचा तुमचा जिनिंग-प्रेसिंग कारखाना दाखवायला आलो होतो. आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कळत नव्हतं. सरकी वाहून नेणाऱ्या पट्ट्याजवळून जाताना तू एकदम हात वर केलास आणि ओरडलास, "बंद कर रे!" मशीन थांबलं. मुकादम चिडला, काय झालं म्हणून. तू चेनवरून बोट फिरवत गेलास आणि एका कडीपाशी थांबलास. तिची पिन अर्धी बाहेर आली होती. आणखी पाच मिनिटांत चेन तुटून कुणाच्या तरी तोंडावर बसली असती. मी विचारलं, एवढ्या कल्लोळात तुला हे ऐकू कसं आलं? तू म्हणालास, "आवाज नाई आला, मास्तर. एक आवाज यायचा थांबला."

ते वाक्य मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. तुझं नाव घेऊन सांगितलं की नाही, ते मात्र आता आठवू म्हटलं तरी आठवत नाही.

मग शाळेत आलेल्या एका इंग्रजी मासिकात मला तो फोटो सापडला. लोखंडी नळ्यांची चौकट, चार हातभर चाकं, मागे मुठीएवढं इंजिन, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर बसलेला माणूस. शर्यतीची सगळ्यात लहान मोटार. ना स्प्रिंगा, ना गिअर. इंजिनाच्या बाजूला एक लहान दातेरी चाक, मागच्या आसावर एक मोठं, आणि दोघांमध्ये चेन. मी तो फोटो घेऊन अकोल्याला आलो. तू तो उलटसुलट करून पाहिलास आणि म्हणालास, "याच्यात काय हाय, चेनच तं हाय सारी."

आपण ती बनवली. चौकट पंपाच्या जुन्या नळ्यांची, इंजिन भंगारात निघालेल्या एका लहान मोटरसायकलचं. दातेरी चाकाला तू गरारी म्हणायचास. मागची गरारी तू स्वतः कानस लावून केलीस, सत्तावन्न दाते. तुझ्या आळीतल्या बाया तिला 'बसकी' म्हणू लागल्या, आणि तेच नाव पडलं. चार महिन्यांत बसकी तयार झाली. अमरावतीच्या प्रदर्शनात हिवाळ्यात अशा गाड्यांची शर्यत लावायची असं ठरत होतं. आपल्याला तिथं उतरायचं होतं.

चालवायला जागा हवी होती. गावाबाहेर मोठ्या लढाईच्या दिवसांत बांधलेली विमानाची धावपट्टी होती, वर्षातून दोन-चार वेळा कामाला येणारी. मी ती सुचवली. तू लगेच हो म्हणाला नाहीस. मी म्हटलं, चौकीदाराची भीती वाटते का? "चौकीदाराची कायची भीती," तू म्हणालास, आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बसकी चढवून घेऊन आलास. तू का थांबला होतास ते मी विचारायला हवं होतं. त्या वेळी मला फक्त गाडी दिसत होती.

मे महिना. तुझा कारखान्याचा सीझन संपलेला, माझ्या शाळेला सुट्टी. मी बहिणीकडे मुक्काम ठोकला होता. सकाळ-संध्याकाळ पट्टीवरून गुरं जायची, म्हणून आपल्याला दुपारच सापडायची. बारा ते दोन. त्या वेळी तिथं पाखरूही नसायचं. डांबरावरून झळा उठायच्या आणि पट्टीचं पलीकडचं टोक पाण्यासारखं हलायचं. तू त्या टोकाला उभा राहायचास, मी या टोकाकडून गाडी सोडायचो. लांबून झळांमध्ये कधीकधी तू एकटा दिसायचा नाहीस. तुझ्या शेजारी आणखी कुणी उभं आहे असं वाटायचं. जवळ आलो की तू एकटाच. मृगजळात असं होतं, मी स्वतः शाळेत शिकवलेलं होतं.

पहिल्याच दिवशी चेन उतरली.

पट्टीच्या साधारण मध्यावर, जिथं कडेला चुन्याची पुसट खूण होती, तिथं खळ्ळ असा आवाज झाला. चेन सुटलेलं इंजिन मोकळं होऊन किंचाळलं, मी ते बंद केलं, आणि मग ती भयाण शांतता. मी हाक मारली. तू वीसेक पावलांवर येऊन थांबलास. "ढकलत आना इकडे," म्हणालास. मला वाटलं, उन्हाचा कंटाळा करतो आहे.

तू तपासायला बसलास. पहिल्यांदा बोट. दोन गरारींच्या मधोमध चेन दाबून पाहिलीस, अर्धा इंच हलायला हवी, तेवढी हलत होती. मग चाक हळूहळू उलटं फिरवून एकेक कडी डोळ्यांखालून घातलीस, कुठली आखडली आहे का ते बघायला. मग दोरी ताणून दोन्ही गरारी एका रेषेत आहेत का पाहिलं. सुतभर फरक होता, तो काढला. दुसऱ्या दिवशी मी चालवली. चेन उतरली. त्याच ठिकाणी.

मग तू दात्यांकडे वळलास. मला शिकवलंस की दाता एकाच बाजूनं चकाकत असेल तर चेन तिरकी ओढली जाते, आणि टोक वाकून आकड्यासारखं झालं असेल तर गरारी मेली. आपले दाते दोन्ही बाजूंनी सारखे होते. मागची गरारी आसावर मधोमध बसली नसेल, म्हणून चाक फिरवत चेन कुठे तंग होते, कुठे ढिली, ते खडूनं मांडलं. सगळीकडे सारखी. तिसऱ्या दिवशी चेन उतरली. त्याच ठिकाणी.

मी म्हटलं, आता तू चालव. तू चालवलीस. एकदा, दोनदा, पाचदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्यापेक्षा जोरात. चेन हलली नाही. मी बसलो, पहिल्याच फेरीला खळ्ळ.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, चेन मोठी झाली असेल, नवी घालू. तू म्हणालास, चेन चांगली आहे. मी म्हणालो, मग माझं वजन? तू माझ्यापेक्षा चार शेर जास्तच होतास. मी म्हणालो, मग काय, मला चालवता येत नाही? तू चेन पुसत राहिलास. ते मला झोंबलं. आठ दिवस मी रोज गाडीवर बसायचो आणि रोज त्या खुणेपाशी ती चेन डांबरावर पडायची, प्रत्येक वेळी तशीच, अर्धी दुमडून. मी ती उचलायला वाकायचो आणि तू लांबून म्हणायचास, "तिथं नका बसू, मास्तर. उचला अन् या."

आठव्या दिवशी गेलो तेव्हा आदल्या संध्याकाळच्या वावटळीनं पट्टीवर धुळीचा पातळ थर बसला होता. चेन जोडायच्या कडीची लहानशी क्लिप उडाली, ती शोधायला मी वाकून चाललो होतो. तेव्हा मला चाकांच्या रेघा दिसल्या. माझी रेघ सरळ गेलेली. त्या दिवशीही माझ्याआधी तू पाच फेऱ्या मारल्या होत्यास, त्यांच्या रेघा त्या खुणेपाशी येऊन डावीकडे वळलेल्या आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ झालेल्या. पाचही वेळा तेच वळण. जसं वाटेत कुणी बसलं असावं आणि त्याला धक्का न लागता गाडी काढावी, तसं.

मी उभा राहिलो. भर उन्हात मला थंडी वाजल्यासारखं झालं.

"शालिक," मी ओरडलो, "तू इथून वळसा का घेतोस?"

तू डोक्याला पंचा गुंडाळू लागलास.

मी माझी ड्रॉइंगची सागवानी पट्टी आणून त्या जागेवर आडवी ठेवली. खाली दोन बोटं फट. जमीन बसली होती, नजरेला कळणार नाही इतकी. आता मला सगळं उमगलं. आपल्या गाडीला स्प्रिंगा नाहीत. एक चाक त्या खळग्यात गेलं की सगळी चौकट पिळते, इंजिन तिरकं होतं, आणि चेन दात्यांवर चढून उतरते. मी आनंदानं तुला हाक मारली. दोष सापडला! खळग्याची लांबीही मोजली. पाच फूट पाच इंच. तो आकडा मोठ्यानं म्हणायला निघालो आणि थांबलो. ती लांबी कशाची असते ते माझ्या मनात येऊन गेलं होतं.

तू तोवर खाली बसला होतास, वीस पावलांवर, डोक्याला पंचा गुंडाळून.

"किसन इथं गेला," तू म्हणालास. "माहा मोठा भाऊ."

मग तू सांगितलंस. लढाईच्या दिवसांत पट्टीचं काम घाईघाईत चाललं होतं आणि तुम्ही दोघं भाऊ मजुरीला होता. मुरूम पसरायचा, त्यावर पत्र्याच्या डब्यानं पाणी मारायचं, मागून वाफेचा रोलर. रोलरच्या पुढे उलटं चालत पाणी मारायचं काम दिवसाआड तुम्हा दोघांकडे असायचं.

"त्या दिवशी पाळी माही होती, मास्तर. सकाळी आमचं भांडन झालं. मी म्हनलं, माह्या पोटात दुखते, मी येत नाई. थो म्हने, दुखत नाई तुह्यं, मले माईत हाय. पन गेला. माह्या पाळीवर गेला. उलटा चालता चालता पाय अडकला त्याचा."

तू सतरा-अठरा वर्षांचा होतास. किसन तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

"मंग साहेब लोकाईले घाई. त्याले उचलून नेलं अन् दुसऱ्या दिशी त्या जाग्यावर मुरूम टाकला, वरून डांबर. पन तिथं पानी मारलं नाई अन् रोलर बी फिरवला नाई. फिरवाले कोनाची छाती झाली नाई."

मी म्हटलं, "म्हणजे म्हणूनच जमीन बसली. न दाबलेला मुरूम कालांतरानं बसतोच. बघ, कारण सरळ आहे."

"हाय ना सरळ," तू म्हणालास. "तुमचं बी खरं अन् माहं बी खरं."

"तुझं काय? चेन तो काढतो म्हणतोस?"

"मी काईच म्हनत नाई. थो माह्यावर रागात हाय. मी त्याच्यावरून गाडी नेत नाई, एवढंच."

शालिक, त्या दिवशी मी तुझ्याशेजारी येऊन बसलो, पण बोललो काय, तर चौकटीला आडवी पट्टी कुठे लावायची ते. मला दुसरं काही सुचलं नाही. तूही लगेच त्यात शिरलास. दोघांनाही सोपं तेच होतं.

आपण इंजिनाखाली आडवी पट्टी जोडली आणि मागच्या गरारीच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या थाळ्या बसवल्या, चेन चढलीच तर बाहेर पडू नये म्हणून. त्यानंतर मी त्या जागेवरून किती वेळा गेलो, चेन उतरली नाही. तू मात्र शेवटपर्यंत वळसाच घेतलास.

आणि मग तू ते मागितलंस. "मास्तर, थे जागा उकरू. मुरूम टाकू, पानी मारू, धुमसानं ठोकू. त्याचं काम अर्धं राहिलं हाय." मी म्हटलं, सरकारी जागा आहे, कुणी विचारलं तर काय सांगणार? तू दोनतीनदा म्हणालास. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, "तुम्ही लोक एवढी मोठी उडी मारून नव्या धर्मात गेलात आणि अजून असल्या गोष्टी धरून बसता?" तू माझ्याकडे पाहिलंस. मग शांतपणे म्हणालास, "धरम बदलला मास्तर. भाऊ कसा बदलू?"

त्या वाक्याची लाज मला आजही आहे. 'तुम्ही लोक' म्हणालो होतो मी. आणि खरं कारण सरकारी जागा नव्हतंच. त्या ठिकाणी कुदळ मारायची मला भीती वाटत होती.

हिवाळ्यात शर्यत झाली. अमरावतीच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तीन गाड्या. नागपूरहून आलेली एक, एका कापूस व्यापाऱ्याच्या घरची एक, आणि आपली बसकी. सुटायला दहा मिनिटं असताना तू मागचं चाक उचलून फिरवलंस आणि कान लावलास. "एक कडी आखडून राहिली." मला काही दिसेना. तू चाक उलटं फिरवत गेलास, एका जागी चेन किंचित कुबड काढत होती. तेलाचे दोन थेंब, पकडीनं जरा इकडे तिकडे, आणि ती सैल झाली. गाडी मी चालवली, आपण दुसरे आलो. भोंग्यावरून ओरडून सांगितलं गेलं की टेक्निकल शाळेच्या मास्तरांनी स्वतः बनवलेली गाडी दुसरी आली. सांगणारा माणूस माझ्यापासून चार हातांवर उभा होता. मी पुढे होऊन त्याला तुझं नाव सांगू शकलो असतो. मी हार घालून उभा राहिलो आणि तू गर्दीत सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्यास.

तुला एस.टी.त बसवायला आलो तेव्हा मी काहीतरी चाचरत म्हणू लागलो. तू म्हणालास, "नाव तुमचं, चेन माही. चालते." आणि हसलास. खिडकीतून तू मला 'तुमी' म्हणत होतास आणि मी तुला 'तू'. तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मला एकदाही म्हणावंसं वाटलं नाही की शालिक, मलाही तू म्हण.

त्यानंतरही आपण भेटत राहिलो. तू माझ्या बहिणीच्या घरचं शिवणयंत्र नीट केलंस, माझ्या सायकलची चेन दर खेपेला बोटानं दाबून पाहिलीस. माझ्या हाताला जे काही कळतं ते तुझ्यामुळे कळतं. फळ्यावर गरारी काढताना आजही मी आधी बोट दाबून बघतो, खडूच्या चेनवर, आणि पोरं हसतात. धावपट्टीचा विषय मात्र तूही काढला नाहीस, मीही नाही.

आता ते सांगतो जे सांगायलाच हे लिहितो आहे.

त्या आठ दिवसांत, रोज, चेन उतरायच्या क्षणभर आधी माझ्या पायांवर पाणी उडायचं. नडग्यांवर, थंड, ओंजळभर पाणी कुणी समोरून भिरकावल्यासारखं. पहिल्या दिवशी मला वाटलं पेट्रोल गळतं आहे. उतरून टाकी पाहिली, नळी पाहिली. कोरडी. वास घेतला, पेट्रोलचा वास नाही. घाम म्हणावा तर घाम गार नसतो. पाय मात्र ओले नसायचे. हात लावला की कोरडे. मी डोळ्यांनी काही पाहिलं नाही, म्हणून मी ते झालंच नाही असं धरून चाललो. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत होतं, आणि मी विज्ञान शिकवणारा मास्तर. तू किसनच्या कामाबद्दल सांगितलंस, पाण्याचा डबा म्हणालास, तेव्हा मला ते पाणी आठवलं. सांगायची वेळ तीच होती. मी आडव्या पट्टीबद्दल बोललो.

तुझं जाणं झाल्यावर परवा मी पुन्हा अकोल्याला आलो. माय म्हणाली, "मास्तर, माह्या किसनाची जागा तुले माईत हाय म्हने. शालिकनं मले कधी दाखवली नाई. म्हने, माय, तू येऊ नको. आता कोन थांबवते मले? ने."

वहिनी नको म्हणत होत्या. मायनं ऐकलं नाही. "तुमी दोघं ज्या टायमाले जात होते, त्याच टायमाले ने," म्हणाली. टांगा केला. चौकीदारानं म्हातारीकडे पाहून दांडी उचलली. भर दुपारी आम्ही दोघं पट्टीवरून चालत गेलो, ती काठी टेकत, मी छत्री धरून. चुन्याची खूण आता जवळजवळ गेली आहे, पण मी ती जागा न चुकता काढली. म्हटलं, "माय, ही."

तिनं काठीचं टोक त्या जागेवरून एकदा फिरवलं. रडली नाही. मग मी तिला सांगितलं. पाण्याचं. आठही दिवसांचं. का सांगितलं कोण जाणे. दोन पोरं गेलेल्या बाईशी खोटं वागवेना, एवढंच असेल.

माय हसली, शालिक. तोंडाचं बोळकं पूर्ण उघडून हसली.

"खोडच होती त्याले," ती म्हणाली. "मी विहिरीवरून येवो तं डब्यातलं पानी माह्या पायावर मारे. येनाऱ्या-जानाऱ्याच्या पायावर मारे. शालिकच्या तं रोज मारे. शालिक चिडे, अन् हा हासे. जेच्यावर जीव, तेच्याच पायावर पानी." मग तिचं हसू थांबलं. "तू हे शालिकले सांगतलं होतं?"

"नाही, माय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"सांगाले पायजे होतं, बाबा," ती म्हणाली. "थो साऱ्या उमरभर समजे, भाऊ रागात हाय."

  तू पंचवीस वर्षं ज्याला वळसा घातलास तो तुझ्यावर रागावलेला नव्हता, हे सांगणारी गोष्ट माझ्याकडे होती, आणि मी ती माझ्या अब्रूसाठी दाबून ठेवली. तू एकदा सरळ गेला असतास, तर तुझ्याही पायांवर उडालं असतं. चेन उतरली असती. पण तुला कळलं असतं.

मायनं काठी माझ्या हातात दिली. चपला काढल्या, लुगडं सावरलं आणि त्या तापलेल्या डांबरावर खाली बसली, पाय समोर पसरून. मी म्हटलं, "माय, पोळेल." ती म्हणाली, "तू तिकडे जा. टांग्यापाशी थांब. तू असला तं थो लाजल."

मी गेलो. मागे वळून पाहिलं तेव्हा झळांमध्ये ती हलताना दिसत होती, आणि ती एकटी होती की नव्हती ते मला लांबून सांगता येणार नाही. टांगेवालाही तिकडेच पाहत होता. त्यानं बिडी पेटवली नव्हती, नुसती हातात धरली होती. बऱ्याच वेळानं तिनं हात वर करून मला बोलावलं. मी तिला उठवलं, चपला तिच्यापुढे ठेवल्या. तिनं त्या घातल्या नाहीत, हातात घेतल्या.

टांग्यात ती माझ्या शेजारी बसली होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या घरात आधी कधी पाहिलं नव्हतं. मी सगळा रस्ताभर घोड्याकडे पाहत राहिलो. तिच्या पायांकडे मी पाहिलं नाही.